खेडचे खासदार खाडिलकर आणि ग्रॅच्युइटीचा कायदा

पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत तीन इंग्रजी शब्द असे रुळले आहेत, की ते परक्या भाषेतले आहेत हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही : फंड, बोनस आणि ग्रॅच्युइटी. मुलीचे लग्न फंडातून, दिवाळीचे कपडे बोनसमधून आणि निवृत्तीनंतरचे दोन खोल्यांचे घर ग्रॅच्युइटीतून, असा हिशेब या परिसरातील हजारो संसारांनी मांडला आणि पुष्कळांनी तो तडीसही नेला. आपल्या धर्मग्रामांतील जी कुटुंबे नगर जिल्ह्यातून वा मराठवाड्यातून पोटासाठी येथे आली, त्यांच्या पहिल्या पिढीला पक्के छप्पर मिळाले ते बहुतांशी याच तीन शब्दांच्या आधारावर.

या तिन्हींपैकी फंडाचा कायदा सर्वांत जुना, १९५२ सालचा. उरलेल्या दोहोंपैकी ग्रॅच्युइटी हा कायदेशीर हक्क झाला १९७२ मध्ये, आणि किमान बोनस चार टक्क्यांवरून ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका, गेला तोही १९७२ मध्येच. त्या वर्षी केंद्रात श्रम व पुनर्वसन खात्याची धुरा ज्यांच्याकडे होती, ते रघुनाथ केशव खाडिलकर त्याआधी नऊ वर्षे खेड मतदारसंघाचे खासदार होते. आज देशभरच्या मोटारी जेथे तयार होतात ते चाकण ज्या तालुक्यात आहे, तोच हा खेड तालुका.

खाडिलकर म्हटले की मराठी वाचकाला नाट्याचार्य आठवतात, नाहीतर ‘नवाकाळ’ आठवतो. खेडचे खाडिलकर फारसे कुणाला आठवत नाहीत. अण्णासाहेब मगरांच्या नावाचे क्रीडांगण नेहरूनगरात आहे, प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या नावाचे प्रेक्षागृह चिंचवडला आहे. दोघेही पुढे खेडचे खासदार झाले आणि या नगराशी त्यांचे नाते जिव्हाळ्याचे होते, तेव्हा ते यथोचितच आहे. परंतु ज्या माणसाच्या खात्याने केलेल्या कायद्याचा पैसा येथील घराघरांत आला, त्याचे नाव ना चौकाला, ना रस्त्याला दिलेले आमच्या पाहण्यात आले आहे. या विस्मृतीचे आम्हांस नवल वाटत नाही. खासदाराचे मोल आपण कशावरून करतो, हा प्रश्न मात्र तिच्यातून निघतो, आणि त्यासाठी हा लेखप्रपंच.

खाडिलकरांचा जन्म १९०५ सालचा. काँग्रेसमध्ये ते उशिरा आले. त्यांची राजकीय घडण झाली ती शेतकरी-कामगारांच्या डाव्या चळवळीत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने पश्चिम महाराष्ट्र ढवळून निघाला होता. समितीच्या त्या लाटेत मातब्बर काँग्रेसजन पडले आणि विरोधी बाकांवरचे अनेक नवे चेहरे दिल्लीला पोहोचले. अहमदनगर मतदारसंघातून गेलेले खाडिलकर त्यांपैकी एक होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्या लाटेचे प्रयोजन संपले. नंतर त्या पिढीतील बरेच जण यशवंतरावांच्या काँग्रेसमध्ये आले. खाडिलकरही आले, आणि १९६२ मध्ये खेडमधून काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून गेले. पक्षांतर म्हणून त्यावर कुणी बोट ठेवील. परंतु कामगार हा विषय त्यांनी विरोधी बाकांवरून सत्ताधारी बाकांवर नेला, एवढे पुढच्या घटनांवरून म्हणता येते.

ज्या खेडने त्यांना निवडून दिले ते खेड आजच्या वाचकाने डोळ्यांसमोर आणावे. तेथे कारखाना नव्हता. चाकणची ख्याती होती ती कांद्याच्या बाजाराची; आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांना तेथला संग्रामदुर्ग ठाऊक होता, ज्यासाठी १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजविले. पलीकडे इंद्रायणीच्या दक्षिणेस मात्र चित्र बदलू लागले होते. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती. १९५४ साली तेथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले; त्याने जमिनी संपादन केल्या, आणि बजाज, टेल्को यांसारखे कारखाने त्याच दशकात येथे उभे राहिले. १९७० मध्ये चार गावे मिळून पिंपरी-चिंचवड नवनगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे संस्थापक अध्यक्ष. हातात हत्यार धरणारा नवा कामगार शेजारच्या तालुक्यांतूनच येत होता, आणि त्याच्या म्हातारपणाची सोय काय, हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारलेला नव्हता.

१९६७ च्या निवडणुकीत खेडने खाडिलकरांना पुन्हा पाठविले. पुण्याने त्याच वेळी एस. एम. जोशींना पाठविले होते, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दोन शेजारच्या मतदारसंघांतून कामगारांविषयी आस्था असलेले दोन मराठी पुढारी एकाच सभागृहात समोरासमोर बसले. खाडिलकर लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. उपाध्यक्षपद हे मानाचे असले तरी एरवी त्यात फारसे घडत नाही. खाडिलकरांच्या वाट्याला मात्र एक विलक्षण काळ आला. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी नीलम संजीव रेड्डी यांनी १९ जुलै १९६९ रोजी लोकसभेचे अध्यक्षपद सोडले. त्याच दिवशी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. नवे अध्यक्ष गुरुदयालसिंग धिल्लन यांची निवड ८ ऑगस्टला झाली. मधले जवळजवळ तीन आठवडे राज्यघटनेच्या ९५ व्या अनुच्छेदानुसार अध्यक्षांची कर्तव्ये उपाध्यक्षांवर आली. काँग्रेस दुभंगण्याच्या बेतात होती, बँकांचे विधेयक सभागृहात आले होते, आणि त्या गदारोळात लोकसभा चालविण्याची जबाबदारी होती खेडच्या खासदारावर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी उपाध्यक्षपद सोडले.

१९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत ते बारामतीमधून उभे राहिले व निवडून आले. खेडमधून अनंतराव पाटील गेले. त्याच वर्षी खाडिलकरांकडे श्रम व पुनर्वसन हे जोडखाते आले. जोडखात्याचा दुसरा अर्धा भाग त्या वर्षी पहिल्यापेक्षा किती तरी जड ठरणार होता. मार्चच्या अखेरीस पूर्व पाकिस्तानात लष्करी अत्याचार सुरू झाले, आणि वर्षअखेरीपर्यंत एक कोटीच्या घरात माणसे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय व आसाम या राज्यांत येऊन पोहोचली. त्यांच्या छावण्या, धान्य, लसी, तंबू हे सारे पुनर्वसन खात्याच्या अखत्यारीत होते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक छावणीत मदर तेरेसांच्या भगिनी काम करीत होत्या, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. त्या छावण्यांमागची सरकारी यंत्रणा ज्या खात्याची होती त्याचा मंत्री पुणे जिल्ह्यातला होता, हे बहुधा ठाऊक नसेल. लोकसभेत दर आठवड्याला त्यांना आकडे द्यावे लागत, आणि आकडे दर आठवड्याला वाढत.

त्याच धामधुमीत, १९७१ च्या हिवाळी अधिवेशनात, त्यांनी ग्रॅच्युइटीचे विधेयक लोकसभेत मांडले.

ग्रॅच्युइटी या शब्दाचा मूळ अर्थ बक्षिशी. नोकरी सोडून जाणाऱ्या इमानी नोकराच्या हातावर धन्याने खुशीने ठेवायची रक्कम, ही त्यामागची कल्पना. द्यायची की नाही, किती द्यायची, हे धन्याच्या मर्जीवर. सरकारी नोकरांना ती नियमाने मिळे. मोठ्या गिरण्यांत व कारखान्यांत, जेथे युनियन बळकट होती तेथे, औद्योगिक न्यायालयांच्या निवाड्यांनी ती मिळू लागली होती. मात्र प्रत्येक कारखान्याचा निवाडा वेगळा. कुठे दहा वर्षांनंतर, कुठे पंधरा. राजीनामा दिला तर एक दर, कामावरून कमी केले तर दुसरा. त्यातच महागाईभत्ता धरायचा की नुसता मूळ पगार, यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात. ज्या लहान कारखान्यात युनियनच नाही तेथील कामगाराला निरोपाचा नारळ आणि फार तर घड्याळ मिळे. देशभर लागू असा एकच अपवाद होता, १९५५ च्या कायद्याखालील श्रमिक पत्रकारांचा.

केरळने १९७० मध्ये आपल्या राज्यापुरता ग्रॅच्युइटीचा कायदा केला. जून १९७१ मध्ये पश्चिम बंगालात तसाच वटहुकूम निघाला. इतर राज्ये त्याच वाटेने जाण्याच्या विचारात होती, आणि तेथेच केंद्रापुढे खरी अडचण आली. ज्या कंपनीच्या शाखा चार राज्यांत, तिला चार कायदे लागणार. कामगाराची बदली झाली की त्याचा हिशेब कुठल्या कायद्याने करायचा? ऑगस्ट १९७१ मध्ये दिल्लीत राज्यांच्या श्रममंत्र्यांची परिषद झाली, ऑक्टोबरात भारतीय श्रम परिषदेची बैठक झाली, आणि देशभर एकच कायदा असावा यावर मतैक्य झाले. म्हणजे हा कायदा कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. केरळ-बंगालच्या कामगार चळवळींनी दार ढकलले, परिषदांनी मसुदा घासूनपुसून घेतला, आणि खाडिलकरांनी तो संसदेच्या हवाली केला. संसदीय लोकशाहीत कर्तृत्व असेच असते. ते सारे एकट्या मंत्र्याच्या नावावर टाकणे खोटे ठरेल. पण ज्या वर्षी एक कोटी निर्वासितांचा प्रश्न दाराशी उभा होता त्या वर्षी हे विधेयक फायलींत मागे पडले नाही, याचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणेही अन्यायाचे होईल.

२१ ऑगस्ट १९७२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून कायदा अमलात आला. त्याची कलमे आजही कामगाराने एकदा तरी नजरेखालून घालावीत अशी आहेत. कारखाना, खाण, मळा, बंदर, तसेच दहा वा अधिक माणसे कामाला असलेले दुकान वा आस्थापना यांना तो लागू झाला. पाच वर्षे सलग सेवा झाली की नोकरी कशीही संपो, निवृत्तीने वा राजीनाम्याने, दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन मिळालेच पाहिजे. मृत्यू आला वा अपंगत्व आले तर पाच वर्षांची अटही नाही. सावकाराने वा बँकेने न्यायालयाचा हुकूमनामा आणला तरी या रकमेवर जप्ती आणता येत नाही. हे शेवटचे कलम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. खेड्यातल्या माणसाचे कर्ज कसे वाढते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ते सुचावे.

पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे नेमके किती, यावरही पुढे तंटा झाला. महिना तीस दिवसांचा धरला तर पंधरा दिवस म्हणजे निम्मा पगार. परंतु कामगार महिन्यात काम करतो सव्वीस दिवस, चार रविवार सुटीचे. मग मासिक वेतनाला सव्विसाने भागून पंधराने गुणावे, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला आणि नंतर तो कायद्यातच घालण्यात आला. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. शेवटचे वेतन २६ हजार आणि सेवा तीस वर्षे असलेल्या कामगाराचा हिशेब करून पाहा : तीसने भागल्यास रक्कम होते ३ लाख ९० हजार, आणि सव्विसाने भागल्यास ४ लाख ५० हजार. साठ हजार रुपये केवळ रविवार वगळल्यामुळे वाढले.

प्रारंभी कायद्याचा घेर तोकडा होता. दरमहा एक हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच तो लागू होता, आणि कमाल रक्कम वीस महिन्यांच्या पगाराइतकी. नंतरच्या सरकारांनी, मग ती कुठल्याही पक्षाची असोत, तो वाढवीत नेला. १९८७ मध्ये कमाल मर्यादा ५० हजार, १९९४ मध्ये एक लाख, आणि त्याच वर्षी वेतनाची अट साफ गेली. २०१० मध्ये मर्यादा दहा लाख, २०१८ मध्ये वीस लाख झाली. बोनसचे नशीब एवढे सरळ नव्हते. आणीबाणीत, १९७५ च्या सप्टेंबरात, किमान बोनस वटहुकमाने पुन्हा चार टक्क्यांवर आणला गेला, आणि जनता राजवटीत, १९७७ मध्ये, ८.३३ टक्के परत मिळाले. जे कायद्याने मिळते ते एका रात्रीत जाऊही शकते, हे त्या दोन दिवाळ्यांनी कामगारांना शिकविले. खाडिलकर तोवर श्रममंत्री राहिले नव्हते; १९७३ च्या अखेरीस ते खाते के. व्ही. रघुनाथ रेड्डी यांच्याकडे गेले होते.

आता थोडे खासदारकीविषयी. १९९३ च्या डिसेंबरात खासदारांना स्थानिक विकासासाठी निधी देण्याची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी पाच लाख, मग एक कोटी, १९९८ पासून दोन कोटी आणि २०११ पासून वर्षाला पाच कोटी. तेव्हापासून खासदाराच्या कामाची कल्पनाच पालटली. समाजमंदिर, बसथांबा, हायमास्ट दिवा, व्यायामशाळा यांवर त्याचे नाव रंगविलेले असते आणि निवडणुकीत त्यांचीच यादी वाचून दाखविली जाते. ही कामे निरुपयोगी आहेत असे कोण म्हणेल? पण तेवढ्यासाठी दिल्लीला माणूस पाठविण्याची गरज नाही. नगरसेवक ती करतो. खाडिलकरांच्या काळी असा निधी नव्हता, म्हणून त्यांच्या नावाची फरशीही नाही.

कायदा करणे हे खासदाराचे मुख्य काम म्हणावे, तर तेही साध्या खासदाराच्या हाती थोडेच असते. खाजगी सदस्यांनी मांडलेली अवघी चौदा विधेयके स्वातंत्र्यानंतर कायदा होऊ शकली, आणि १९७० नंतर एकही नाही. उरतात ते प्रश्न, चर्चा, समित्या आणि मंत्र्याच्या मागे लावलेला तगादा. या बाबतीत आपल्या पट्ट्यातील खासदार मागे नाहीत. २००८ च्या पुनर्रचनेत खेड मतदारसंघ संपला. चाकण शिरूर मतदारसंघात गेले. पिंपरी-चिंचवडचे मात्र दोन भाग झाले : पिंपरी व चिंचवड हे पनवेल-उरणसह मावळमध्ये, भोसरी जुन्नर-आंबेगावसह शिरूरमध्ये. एकाच कारखान्याच्या दोन पाळ्यांतले दोन कामगार दोन खासदार निवडू लागले. २०१४ ते २०१९ या लोकसभेत शिरूरचे शिवाजीराव आढळराव पाटील आणि मावळचे श्रीरंग बारणे या दोघांनीही हजाराहून अधिक प्रश्न विचारले. २०१९ व २०२४ मध्ये शिरूरमधून निवडून आलेले डॉ. अमोल कोल्हे यांनी पुणे-नाशिक रेल्वे आणि बैलगाडा शर्यत हे विषय लावून धरले. शर्यतीवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायम केली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचे दोन हजार यार्डांचे निषिद्ध क्षेत्र, ज्याला आपण ‘रेड झोन’ म्हणतो, त्यासाठी प्रत्येक खासदाराने प्रत्येक संरक्षणमंत्र्याचे दार ठोठावले. १९०३ चा कायदा अजून जागचा हललेला नाही.

हे विषय खोटे नाहीत. परंतु त्यांत कारखान्याच्या दाराआतला माणूस क्वचितच दिसतो, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

आणि दाराआतला तो माणूस आता बदलला आहे. १९९९ मध्ये बजाजने चाकणला कारखाना काढला. दहा-अकरा वर्षांत फोक्सवागन, मर्सिडीज, महिंद्र तेथे आले. आकुर्डीच्या बजाजमध्ये २००७ साली उत्पादन थांबले. आकुर्डीचा कामगार कायम होता. वीस-पंचवीस वर्षांची सेवा आणि शेवटी ग्रॅच्युइटीचा धनादेश. चाकणला महाळुंगे-निघोज्याच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारा तरुण लातूर-नांदेडचा नाहीतर बिहारचा असतो. कुणी ट्रेनी, कुणी अप्रेंटिस, बहुतेक ठेकेदाराचे. १९७२ च्या कायद्याने अप्रेंटिसला कामगाराच्या व्याख्येतूनच वगळले आहे. ठेकेदाराच्या माणसाला तो लागू आहे, त्याला सलग पाच वर्षे कुणी ठेवील तर. अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, दोन वर्षांनी ठेकेदाराचे नाव बदलते, यंत्र तेच आणि त्यापुढे उभा असलेला मुलगाही पुष्कळदा तोच, पण कागदावर सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. खाडिलकरांच्या वेळी पाच वर्षांची अट पंधरा वर्षांच्या मानाने उदार होती. पन्नास वर्षांनी तोच उंबरठा ओलांडता येऊ नये अशा बेताने नोकऱ्या बेतल्या गेल्या.

पगाराच्या पावतीतही अशीच एक युक्ती दडलेली असते. मूळ वेतन व महागाईभत्ता लहान ठेवायचा आणि उरलेली रक्कम घरभाडे, प्रवास, धुलाई अशा भत्त्यांत वाटायची. ग्रॅच्युइटी मोजली जाते ती पहिल्या दोहोंवर. हातात येणारा पगार तोच, पण निरोपाच्या दिवशी आकडा निम्मा.

सरकार स्वतः मालक असले की सर्व काही सुरळीत होते असेही नाही. ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून पिंपरीची औद्योगिक कहाणी सुरू झाली, जिच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन शोधले, ती कंपनी नव्वदच्या दशकात आजारी ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची शिल्लक जमीन विकून देणी फेडावीत व नंतर कंपनीची निर्गुंतवणूक करावी असे ठरविले. जुलै २०१९ मध्ये थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी तिला सुमारे २८० कोटींचे कर्जरूप साहाय्य मंजूर झाले. पेनिसिलिन बनविणाऱ्या हातांना आपल्याच पगारासाठी मंत्रिमंडळाच्या ठरावाची वाट पाहावी लागली. हा विषय सर्वस्वी केंद्राचा, म्हणजेच खासदाराचा.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून संहिता मंजूर केल्या, आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. खाडिलकरांचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. त्यातील दोन बदल आपल्या पट्ट्यासाठी महत्त्वाचे आहेत. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, म्हणजे वर सांगितलेल्या युक्तीला लगाम बसतो. दुसरे, ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कंपनीने घेतलेल्या कामगाराला पाच वर्षांची अट उरत नाही. जेवढी सेवा तेवढी ग्रॅच्युइटी. ऐकणारा म्हणेल, मग प्रश्न मिटला. मिटलेला नाही. ठेकेदारामार्फत आलेला मुलगा हा मुदतीच्या करारावरचा कामगार नव्हे, आणि चाकणमध्ये त्याचीच गर्दी आहे. त्याच्यासाठी उंबरठा अजून पाच वर्षांचाच आहे, आणि अप्रेंटिस संहितेतही बाहेरच आहे.

शिरूर आणि मावळ या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना विचारण्याजोगे बरेच काही यातून निघते. मुख्य ठिकाणचे यंत्र व काम तेच राहून केवळ ठेकेदार बदलला, तर सेवा सलग धरावी, एवढी एक दुरुस्ती संहितेत सुचविता येईल. चाकण औद्योगिक क्षेत्रात किती कामगार ठेक्यावर आहेत आणि त्यांपैकी किती जणांना गेल्या पाच वर्षांत ग्रॅच्युइटी मिळाली, हा प्रश्न लोकसभेत पंधरा दिवसांच्या सूचनेने विचारता येतो; तारांकित असेल तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. तोवर घरातल्या तरुणाने निदान पगाराच्या पावत्या, हजेरीचे कार्ड आणि प्रत्येक ठेकेदाराचे नेमणूकपत्र एका पिशवीत जपून ठेवावे. सेवा सलग होती हे सिद्ध करण्याची वेळ आली तर तेच कागद कामी येतील.